उचलू नको मले

आदिलाबादला जुन्या गाड्यांच्या बाजारात मी माझी उंच जीप विकायला उभी केली होती. बेला गावाकडची एक म्हातारी मुलाला घेऊन आली. दलाल मुलाला इंजिन, टायर दाखवत होता. ही मात्र एकेका गाडीचं दार उघडून आत बसून बघत होती.

माझ्या जीपपाशी आली. लुगडं सावरून पायरीवर पाय ठेवला, पण अंग काही वर जाईना. मुलगा धावला, तसा तिनं त्याचा हात झटकला.

"उचलू नको मले! आज उचलशीन, अन् उद्या मनशीन, माय, तू काऊन येतं? राय घरीच."

शेवटी कोपऱ्यातल्या एका रंग उडालेल्या बुटक्या गाडीत ती आपली आपण बसली, उतरली, परत बसली. दार धाडकन ओढून घेतलं.

"हेच गाडी घे."

जीप तशीच घरी आणली. संध्याकाळी देवळात जायला जीप दारात लावून आईला हाक मारली.

"जाय तू बाबू," ती ओट्यावरूनच म्हणाली, "मी घरीच बरी."

इतके दिवस मला वाटायचं, तिला घरातच करमतं.