समोरचं स्टूल

सिंगापुरात आंग मो किओला आमच्या ब्लॉकखाली दगडी टेबलापाशी एक चिनी अंकल रोज संध्याकाळी बसतात. ते आधी माझी पिशवी बघतात, मग मला. समोरच्या स्टुलावर मात्र कुणाला बसू देत नाहीत. एकदा मी टेकणार होतो, तर इथल्या लकबीत म्हणाले, "तिथे नको, लाह."

चिनी पंचांगातला सातवा महिना चालू होता. आपल्या पितृपंधरवड्यासारखाच, गेलेली माणसं जेवायला येतात म्हणे. ऑफिसातल्या फिलिपिनो मैत्रिणीने मनिलाहून होपिया आणली होती, मुगाचं पुरण भरलेली, खारीसारखी खुसखुशीत. मी अंकलपुढे खोका धरला.

"आमचा शब्द," ते एकेक शब्द चावत म्हणाले. "होक्किएन भाषेतला. हो म्हणजे चांगलं. पिया म्हणजे बिस्किट. आमचे लोक तिकडे घेऊन गेले. माझा भाऊपण गेला. तिकडेच वारला."

त्यांनी होपिया मोडली, अर्धी समोरच्या स्टुलावर ठेवली आणि कान देऊन बसले. हळूहळू त्यांचा चेहरा उतरला.

"भाऊ एका दमात म्हणतो आता, होपिया. मनिलावाल्यांसारखं. हो वेगळं, पिया वेगळं, सगळं विसरला."

मला तिथून निघायचं होतं. मी पिशवी उचलली, तेवढ्यात अंकलनी हात वर केला.

"थांब. आणखी आहे का, तो विचारतोय."

"उद्या आणतो," मी पटकन म्हणालो.

लिफ्टमध्ये शिरल्यावर लक्षात आलं, ते मी अंकलकडे बघून म्हणालोच नव्हतो.