स्वच्छ हातांचे दामलेसाहेब

दामलेसाहेबांच्या केबिनचं दार कधी बंद नसे. लखनौच्या मे महिन्यात एसी चालू असला तरी दार सताड उघडं. कोणी भेटायला आलं की शिपाई रामसजीवनला आत बोलावून बसवायचे, "बैठो, सुनते रहो." त्यांच्या हाताखाली काम करणारी मी मराठीत बोलायला लागले की लगेच, "मॅडम, हिंदी में कहिए." माणूस साताऱ्याचा! इतकी खबरदारी घेणारा नक्की काहीतरी लपवतोय, असा मला पहिल्यापासून संशय. चोराच्या मनात चांदणं!

मलिहाबादहून कुणी दशहरी आंब्यांची पेटी आणली, तर ती परत जायचीच, वर त्याचं कुठलं काम अडलंय याचीही चौकशी व्हायची. "जिस फ़ैसले से खुद को अच्छा लगे, पहले उसी पर शक कीजिए," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

नागपूरला एकट्या राहणाऱ्या माझ्या आईला अर्धांगवायू झाला. तिथल्या कार्यालयात एकच जागा रिकामी होती. मी बदली मागितली, आमच्याच ऑफिसातल्या शुक्लाजींनीही मागितली. त्यांची बायको तिथं नोकरीला होती. निर्णय दामलेसाहेबांचा. ऑफिसात कुजबुज सुरू झाली, "मराठी तो मराठी को ही देगा." साहेबांच्या कानावर गेलीच. त्यांनी फाईल दुसऱ्या विभागाच्या प्रमुख श्रीवास्तव मॅडमकडे सोपवली, "ये मेरे यहाँ की हैं, फ़ैसला आप कीजिए." मॅडमनी जागा शुक्लाजींना दिली. त्याच हिवाळ्यात आई गेली. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

मी लखनौला परतल्यावर साहेब इंदिरा नगरला आमच्या घरी आले. पहिल्यांदाच माझ्याशी मराठीत बोलले. मला राहवलं नाही.

"खरं सांगा साहेब, निर्णय तुम्ही घेतला असता तर?"

"तुला दिली असती. शुक्लांच्या बायकोला इकडे बदली मिळत होती. तुझ्या आईला तुझ्याशिवाय कोण होतं?"

"हे मॅडमना सांगितलंत?"

"नाही. सांगितलं असतं तर वशिला झाला असता."

"म्हणजे लोक बोलले असते. एवढंच ना?"

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "हो. एवढंच. मी न्यायाला नाही जपलं, मीनल. स्वतःच्या नावाला जपलं."

माझा संशय खरा निघाला म्हणायचा. ते लाच लपवत नव्हते, भीती लपवत होते.

आता ते निवृत्त होऊन साताऱ्याला असतात. त्यांच्याइतका स्वच्छ अधिकारी मी पाहिला नाही, हे मी कुणालाही छातीवर हात ठेवून सांगेन. त्यांना माफ करणं मात्र मला अजून जमलेलं नाही.