चुन्याखालची भिंत

ओव्हरसियर पाहणीला येणार म्हणून मी सगळ्या चाळीला चुना मारायला लावला, ही चूक माझी. आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढं लपवावंसं वाटणार नाही.

दिग्रसला जिनिंगच्या मागं आमची चाळ होती. एका ओळीत सहा खोल्या, वर कवेलूंचं छप्पर, आणि मागं सगळ्यांची मिळून एकच मातीची भिंत. मी जिनमध्ये कापसाच्या गाठी बांधायचो. त्या वर्षांत कापसाचं सगळंच बसलं होतं. पाच महिने चालणारी जिन दोन महिन्यांत थंड व्हायची. आमचा घरमालकही कापसाचाच व्यापारी. त्यानं भाडं वाढवलं नाही आणि भिंतीला हातही लावला नाही. त्या भिंतीची त्याला लाज वाटायची, म्हणून तो आमच्या गल्लीतून जाणं टाळायचा.

अशात नगरपालिकेत सरकारचा पैसा आला. गरिबांच्या भाड्याच्या खोल्या त्यातून दुरुस्त व्हायच्या होत्या. काम नगरपालिका करणार, मालकानं फक्त लिहून द्यायचं की पाच वर्षं भाडं वाढवणार नाही आणि कोणाला काढणार नाही. मालकानं त्याच दिवशी सही केली. राहिली होती पाहणी.

आता माझा स्वभाव सांगतो. मी तिसरीपर्यंत शिकलो, पण मळक्या सदऱ्यानं कधी कामावर गेलो नाही. घरी परका माणूस येणार तर घर सारवलेलंच पाहिजे. बायको म्हणाली, "अवो, साहेब दुरुस्ती पाहाले येऊन राह्यला. सोयरीक पाहाले नाही."

"मंग काय घाण दाखवू त्याले?" मी म्हणालो.

मी भुसा कालवून माती केली, भेगा बुजवल्या, वर चढून कवेलू फेरले. चुन्यात नीळ टाकली. शेवटच्या खोलीत पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा मेकॅनिक राहायचा. तो, त्याची बायको आणि अंथरुणावरची म्हातारी आई. त्यांच्या खोलीत भिंत आत फुगली होती, आणि म्हातारीची खाट त्याच भिंतीला लागून, कारण दुसरीकडं ती मावतच नव्हती. त्या फुगवट्यापुढं मी दोरी बांधून वाकळा टाकल्या. मेकॅनिक पाहत राहिला. "चाचा, इसको तो दुल्हन बना दिया," तो म्हणाला. मला ते चांगलंच वाटलं.

ओव्हरसियर पोरगेलासा होता. चहा प्यायला, चार खोल्यांत डोकावला, वहीत काही लिहिलं. जाताना म्हणाला, "बाबाजी, भाड्याचं घर इतकं छान ठेवलेलं मी पाहिलं नाही." दोन दिवस मी ते भेटेल त्याला सांगत फिरलो. वाकळा तशाच लोंबत राहिल्या.

होळीच्या आधी नगरपालिकेच्या भिंतीवर यादी लागली. मी अक्षराला अक्षर लावून वाचतो, म्हणून वेळ लागला. पलीकडची चाळ यादीत होती. आमच्या चाळीपुढं लिहिलं होतं: दुरुस्तीची गरज नाही. मागं उभा असलेला माणूस म्हणाला, "झालं का वाचून, बाबाजी? सरका." मी सरकलो.

मेकॅनिक भांडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "आपण तर स्वतःच लिहून दिलं ना चाचा, की आम्ही मजेत आहो." आठ दिवस मी त्याच्या दारापुढून गेलो नाही. बायको रोज म्हणायची, "जाऊन सांगा ना तिथं." मी म्हणायचो, "कायले? एकदा चांगलं म्हटलं, आता खराब कसं म्हणू?"

मग एका सकाळी म्हातारीनंच मला बोलावलं. मी खाटेजवळ बसलो. तिच्या पांढऱ्या केसांत मातीचे बारीक खडे होते. मी ते पाहतो आहे हे तिनं ओळखलं. "रोज गिरती है बेटा," ती म्हणाली. "पहले दिखती थी, तो मैं सरक जाती थी. अब तूने पर्दा डाल दिया."

मी तिथूनच उठून नगरपालिकेत गेलो. ओव्हरसियर म्हणाला, "बाबाजी, पुन्हा पाहणी व्हावी असा अर्ज द्या." मी त्याच्या टेबलाशी उभ्यानं लिहिला. 'आम्ही भिंत झाकून तुम्हाले फसवलं. पावसाळ्यात ती म्हातारीवर पडन. पुन्हा पाहा.' त्यानं वाचलं. "फसवलं वगैरे नका लिहू, नुसती विनंती करा," तो म्हणाला.

"जे केलं ते लिहिलं. खोडणार नाही."

त्यानं कागद ठेवून घेतला. चार दिवसांनी तो आला. या वेळी बायकोनं मला विचारलंही नाही. पावसाळ्यात जिथं जिथं गळतं, तिथं तिथं तिनं भांडी मांडून ठेवली: परात, बादली, दोन गंज, आणि आमच्या खाटेवर मधोमध तांब्या. साहेब भांड्यांतून पाय टाकत चालला. मेकॅनिकच्या खोलीत मी स्वतः वाकळा ओढल्या, त्याच्याच पेचकसानं चुना खरवडला. माती भसकन खाली आली आणि माझा हात मनगटापर्यंत आत गेला. तो बाहेर काढायला मला फार वेळ लागला असं वाटलं. सगळे पाहत होते. साहेबानं टेप काढला आणि लांबी-रुंदी लिहू लागला.

उन्हाळ्यात काम निघालं. दोन-दोन खोल्या रिकाम्या करायच्या, उरलेल्या चारांत सगळ्यांनी मावायचं. म्हातारीची खाट सव्वा महिना आमच्याकडं होती. ती माझ्या बायकोला दिवसभर माझ्याबद्दलच्याच तक्रारी विचारायची आणि दोघी हसायच्या. मालक रोज संध्याकाळी येऊन नव्या भिंतीच्या विटांवर पाणी मारायचा. कोणी त्याला सांगितलं नव्हतं.

मृगाच्या आधी साहेब शेवटची तपासणी करायला आला. भिंत नुसत्या सिमेंटच्या गिलाव्याची, करडी. मी कोणाला ब्रश लावू दिला नव्हता.

"आता तर चुना मारा, बाबाजी," तो हसून म्हणाला.

"आधी तुमी खरवडून पाहा, साहेब."

त्यानं खिशातून गाडीची किल्ली काढली आणि म्हातारीच्या खाटेमागं भिंतीवर दोनदा जोरानं ओढली. काहीच पडलं नाही. म्हातारीनं तरी सवयीनं केसांवरून हात फिरवला आणि तळहात उघडून पाहिला.

दुसऱ्या दिवशी मी चुना भिजत घातला. नीळ थोडी जास्तच टाकली.