दोर सोडणाऱ्याचा वाटा

आमच्याकडे दर तिसऱ्या माणसाला कधी ना कधी देवचार, म्हणजे गावाची राखण करणारं भूत, दिसलेला असतो. मला कधीच दिसला नाही. कुडाळच्या एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासण्यात माझा दिवस जातो. असल्या गोष्टींची मी कायम टिंगलच करत आले. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय... पण लिहिते.

माझा धाकटा भाऊ रोहन गोव्यात कॉलेजला होता, हॉस्टेलवर. त्याचा रूममेट सिद्धेश, दोडामार्गचा. काजूच्या बागायतीतला लाजरा मुलगा, आमच्या घरी आला की आईला भांडी घासू लागायचा. दोघं नशेच्या गोळ्या "घेतात" हे मला चतुर्थीला कळलं. मी ओरडले, तर रोहन म्हणतो, "ताई, सगळेच घेतात गो. दारवेपेक्षा बरा." पालथ्या घड्यावर पाणी! तरी पावडरला हात लावणार नाही, अशी शपथ त्याने घेतली होती.

त्या रविवारी सकाळी आमच्या किनाऱ्यावर रापण लागली होती. रापणीचं जाळं दोन टोकांनी दोर धरून किनाऱ्यावर ओढतात. जो दोराला हात लावेल त्याला मासळीचा वाटा, मग तो पाहुणा का असेना. मात्र मध्येच दोर सोडला तर काही नाही. मी एका टोकाला होते. दुसऱ्या टोकाला आमचे तांडेल बापूकाका, म्हणजे रापणीचे म्होरके.

जाळं वर आलं, वाळूवर बांगड्यांचे वाटे पडू लागले. बापूकाकांनी एक वाटा माझ्यासमोर सरकवला.

"ह्यो रोहनाचो."

"रोहन गोव्याक आसा, बापूकाका."

"गोव्याक खंयचो? माझ्या मागसून दोर ओढी होतो मा! हात सोलवटले झिलाचे. वांगडाक तो काजीवालो दोस्त होतो... तो अर्ध्यार सोडून गेलो. त्याका वाटो नाय."

दोराला असलेले आणखी दोघंही तेच म्हणाले. रोहन मात्र कुठेच नव्हता. मी फोन लावला. बऱ्याच वेळाने उचलला शेजारच्या खोलीतल्या मुलाने.

"चिल ताई, काल पार्टी होती. दोघं झोपलेत. थोडं जास्त झालंय, उतरेल."

"उठव त्याला."

"अहो, घोरतोय मस्त..."

"ओठ बघ त्याचे!"

त्याने वाकून बघितलं. मग रडक्या आवाजात म्हणाला, "निळे दिसतायत."

मी किंचाळून ॲम्ब्युलन्स बोलवायला लावली. रोहन वाचला. सिद्धेश त्याआधीच गेला होता, शेजारच्याच कॉटवर. उतरेल म्हणून कुणी बघितलंच नव्हतं.

मी पोचले तेव्हा डॉक्टरांनी मला एकच विचारलं, "हा कुठे मजुरी करतो का?" रोहनच्या दोन्ही तळव्यांवर दोराचे वळ होते, ताजे. शुद्धीवर आल्यावर तो म्हणाला की त्याला काही आठवत नाही. फक्त खूप थंडी वाजत होती आणि सिद्धेश "माझे हात दुखतत" म्हणत होता. एवढं बोलून तो भिंतीकडे तोंड करून रडला. मीही रडले.

बापूकाका काय बोलले ते मी सिद्धेशच्या आईला सांगणार नव्हते. पण गावात गोष्ट राहते थोडीच! दिवसकार्य झाल्यावर ती माउली दोडामार्गहून एसटीने आली, ती थेट किनाऱ्यावर. रापण नुकतीच ओढून झाली होती. बापूकाकांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या झिलान दोर धरल्यान होतो मा?"

बापूकाकांनी हातातली पाटी खाली ठेवली. उभ्या जन्मात त्यांनी वाट्यात कधी खोटेपणा केला नव्हता.

"धरल्यान होतो, बाय. शेवटपर्यंत."

आणि त्यांनी आपल्या वाट्याचे बांगडे उचलून तिच्या पदरात घातले.

त्या सकाळी दोराला कोण होतं, मला माहीत नाही. रोहनच्या तळव्यांवरचे वळ अजून गेलेले नाहीत. सिद्धेशच्या आईने जाण्याआधी आमच्या घरी येऊन ते हात आपल्या हातात घेऊन बघितले, पण काही विचारलं नाही.