चावलेलं नाणं

हिंगोलीच्या बाजारात माझ्या दाताला किंमत हाय. हसू नका. आमी किन्नरांनी दाताखाली चावून दिलेलं नाणं गल्ल्यात ठेवलं की बरकत येते, असं इथले दुकानदार मानतात. एक हळदवाला शेट तर दर हंगामाला स्वतःच नाणं पुढं करायचा. "मावशी, जरा जोरात चावा, औंदा भाव पडलेत!"

दिवसा बाजार मागायचा, संध्याकाळी ढाब्यापाशी धंदा. तिथं जास्तीचे पैसे दाखवून निरोध नको म्हणणारं गिऱ्हाईक भेटतंच, अन् पोट रिकामं असलं की न्हाई म्हणता येत न्हाई. एचआयव्ही मला तिथूनच लागला. माझ्या चेलीलाही. मी सरकारी दवाखान्यातून गोळ्या घेते, ठणठणीत हाय. चेली मात्र बाजारात साडीत मिरवणारी, अन् दवाखान्यात जायची ती पॅन्ट-शर्ट घालून, तोंडाला रुमाल गुंडाळून. तिचं गाव सेनगावकडचं. तिकडचं कोणी दिसलं की रांग सोडून पळायची.

एकदा दवाखान्यात शेजारच्या खिडकीवर हळदवाला शेट उभा, बीपीच्या गोळ्या घ्यायला आलेला. त्यानं आमच्या खोलीवरची एचआयव्हीच्या गोळ्यांची पाटी वाचली अन् मान फिरवली. पुढल्या बाजारी त्यानं नाणं काढलंच न्हाई. दहाची नोट लांबून सरकवली. "घ्या अन् निघा. कशाला हात लावू नका."

घरी आल्याबरोबर चेलीनं गोळ्यांची डबी कोपऱ्यात भिरकावली. "आता सगळ्या बाजारात बोभाटा होईल, गुरू. मी मरीन, पण त्या रांगेत उभी न्हाई राहणार."

माझं डोकंच फिरलं. मेलीच्या दोन थोबाडीत द्याव्या वाटल्या, अन् भ्याव बी वाटलं. गोळ्या सोडल्यावर माणूस कसं वाळत जातं, ते मी पाहिलंय.

दुसऱ्या दिवशी तिला ओढतच शेटच्या दुकानात नेलं. भर गिऱ्हाइकात टाळी वाजवली. "शेट, नाणं काढा!"

"मावशी, तमाशा नको. तुमची ती बिमारी..."

"रक्तात हाय माझ्या, थुंकीत न्हाई! दवाखान्यातल्या मॅडमला विचारा. माझ्या दातात औंदा बी तितकीच बरकत हाय."

त्यानं काढलं न्हाई. नोकर खाली मान घालून पोती शिवून राहिले होते. मग मीच कमरेच्या पिशवीतून एक रुपया काढला, कचकन चावला अन् शेटपुढं धरला. शेट मागं सरला. मला लई लागलं, खोटं कशाला बोलू. पण हात खाली घ्यायचा न्हाई, हे ठरवूनच आले होते. तोच हात चेलीकडं वळवला.

"शेटला नको हाय. तू घेतीस का?"

ती बघतच राहिली. मग तिनं नाणं घेऊन पदराच्या गाठीत बांधलं. घरी गेल्यावर डबी उचलली का, मी विचारलं बी न्हाई.

गोळ्यांच्या तारखेला ऑटो मिळेना, मला उशीर झाला. पोचले तर दारापर्यंत गर्दी, बसायला जागा न्हाई. तेवढ्यात आतून टाळी ऐकू आली. चेली! हिरवी साडी, कपाळावर ठसठशीत कुंकू, तोंड उघडं. तिच्या गावाकडच्या दोन बाया तिच्याकडं टक लावून बघत होत्या, अन् ती त्यांच्याकडं.

"काहून उशीर केला, गुरू? इकडं या, जागा धरलीय!"

तिच्या शेजारच्या खुर्चीवर, एसटीत टाकतात तसा, तिचा तोंडाला बांधायचा रुमाल टाकलेला होता.