सगळ्यांनी धावायचे नाही

सुमनवहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी रामाकोना गावातल्या आमच्या बागेत, त्यांनीच नेमून दिलेल्या जागी, संत्र्यांच्या तोडीवर देखरेख करीत उभा होतो. नागपूरच्या दवाखान्यात त्यांच्याजवळ फक्त मुलगी रश्मी होती. थोरल्या भावजयीच्या अखेरच्या क्षणी दिराने बागेत असावे, हा कुठला न्याय? महिना उलटला तरी माझा संताप शमला नव्हता...

कोणी कुठे थांबायचे ही वाटणी वहिनींनी मोबाइलवरच्या एका भुताटकीच्या खेळातून उचलली होती. त्यात एक मारेकरी आणि चार पळणारे. पळणाऱ्यांनी सगळी यंत्रे सुरू केली की सुटकेचे फाटक उघडते. पकडलेल्याला मारेकरी आकड्याला टांगतो. साथीदाराने वेळेत येऊन त्याला सोडवायचे. सौंसरहून वहिनी, पांढुर्ण्याहून मी, नागपूरहून रश्मी आणि जावईबापू, असे आम्ही संध्याकाळी खेळत असू. गुडघ्यांमुळे ओसरीची पायरीही न उतरणाऱ्या वहिनी तिथे मारेकऱ्याला काय दमवायच्या! पडक्या गोदामाभोवती त्याला घुमवत ठेवायच्या आणि तेवढ्यात आम्ही यंत्रे उरकायची. मारेकऱ्याला आमच्या पावलांचे ठसे दिसतात, आम्हाला त्याचे दिसत नाहीत, हे नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वाविरुद्ध असल्याचे सविस्तर पत्र मी कंपनीला धाडले. उत्तर नाही. स्मरणपत्रालाही नाही.

आमचा पराभव मात्र आमच्याच रीतीमुळे होई. आमच्याकडे कोणी दवाखान्यात गेले की अख्खे घर डबे घेऊन पोहोचते. तसेच, वहिनी आकड्यावर गेल्या की आम्ही तिघेही यंत्रे टाकून धावायचो, आणि मारेकरी तिथेच दबा धरून...

"मयतीले आले का सगळे?" वहिनी कडाडायच्या. "एकानं या. बाकीचे यंत्रावर."

ते पाळले आणि आम्ही जिंकू लागलो.

आजारपणातही त्यांनी तोच नियम लावला. शेवटच्या भेटीत मी खुर्ची सोडेना, तेव्हा म्हणाल्या, "भाऊजी, तोड कोन पाहून राहिलं? रश्मी आहे ना इथं. जा तुमी." मी गेलो. आम्हाला दूर धाडून त्यांना एकटे वाटले नसेल का, हा प्रश्न तेव्हापासून माझी पाठ सोडत नव्हता.

परवा रश्मीने आग्रहाने पुन्हा खेळ लावला. वहिनींच्या जागी कोणी अनोळखी खेळाडू आला. शेवटचे यंत्र सुरू होण्याच्या बेतात होते आणि मारेकरी थेट रश्मीवर चालून निघाला. मी नेहमीचा यंत्रावर बसणारा माणूस. उठलो आणि मुद्दाम त्याच्या समोरून पळालो. गोदामाला वळसा, खिडकीतून उडी, पुन्हा वळसा! चष्मा घसरत होता आणि तो माझ्या मागे, फक्त माझ्याच मागे! फाटकाचा भोंगा वाजला आणि त्याच वेळी त्याने मला गाठून आकड्यावर चढवले.

"काका, आलीच मी," रश्मी म्हणाली.

"येऊ नको. दार उघडलं. निघा तुमी."

वहिनींची बोली माझ्या तोंडून आली होती. मी तसाच पाहत राहिलो. आकड्यावरून फाटक स्पष्ट दिसते. आपली माणसे एकेक करून बाहेर पडताना दिसतात... एकटे अजिबात वाटत नाही.