पुनईला धुक्यातून आलेली हाक

हाकसोम बेटावर धुकं उतरलं, की चिखलात शिंपल्या वेचणाऱ्या बायका आधी एकमेकींना हाका मारून घेत आणि मग गप्प होत. त्यानंतर येणारी हाक कुणाची असेल, याचा भरवसा नसे.

पुनईचा नवरा मानसू मासेमारीच्या हंगामात नाव घेऊन गेला, तो परतलाच नाही. कुणी म्हणे बुडाला, कुणी म्हणे उत्तरेकडच्या शत्रूच्या गस्तीच्या बोटीने ओढून नेला. सासू रोज तिच्यामागे लागे. "अगं, मांत्रिकीणबाईला बोलवू. त्याचा आत्मा पाण्यातून काढू. कुडकुडतंय गं माझं लेकरू!"

"आई, ते मेलेल्यांचं करतात. हे गेले असं प्रभूने मला कुठं सांगितलंय?"

"तुझा प्रभू काहीच सांगत नाही. मुका आहे का?"

"सांगेल. घाई आपल्याला आहे, त्याला नाही."

असं ती बोलून जाई खरी, पण पहाटेच्या प्रार्थनेला चर्चच्या थंडगार फळ्यांवर बसली की एकही शब्द सुचत नसे. नुसती बसून राही.

एका वसंतात ती ओहोटीला एकटीच चिखलात उतरली. टोपली निम्मी भरली असेल नसेल, तोच धुक्याने किनारा गिळला.

"पुनई."

मानसूचा आवाज. तोच, घसा बसल्यासारखा.

"इकडे ये. नाव इकडे लागलीय."

ती काही ठरवायच्या आधीच पाय निघाले. घोट्याला गार पाणी लागलं तेव्हा ती भानावर आली. हाक येत होती ती जिकडून भरती येते तिकडून.

"पुनई, किती वाट बघायला लावतेस?"

 मानसूने लग्नापासून तिला कधी नावाने हाक मारली नव्हती. आईदेखत तर नुसता खोकायचा.

ती मटकन खाली बसली, टोपली कवटाळली आणि डोळे मिटले. "प्रभू, वाट मला दिसत नाही. तू सांगेपर्यंत मी हलत नाही. धरून ठेव मला." आवाज तिच्याभोवती फिरू लागला. मानेवर कुणाचा तरी ओला श्वास लागला. पाणी कमरेपर्यंत चढलं, तरी ती बसून होती. मग पाठीमागून चर्चची घंटा वाजली. धुकं बघून पाळकांची बायको ती वाजवत होती. पुनई घंटेच्या रोखाने रांगत सुटली.

काठावर येऊन तिने मागे पाहिलं. वरच्या चिखलात तिच्या रांगण्याच्या खुणांशेजारून अनवाणी पावलं उमटत आली होती. ती पहिल्या खडकापाशी थांबली होती.

तिने हे फक्त सासूला सांगितलं. त्या दिवसापासून म्हातारीने मांत्रिकीणबाईचं नाव टाकलं आणि कुरकुरत का होईना, पहाटे सुनेबरोबर चर्चला यायला लागली.

आवाज मात्र थांबला नाही. धुकं पडलं की अंगणापर्यंत येई. पुनई ओ देत नसे. शिंपल्या सोलत मोठ्याने प्रार्थना म्हणत राही. सासू गेली. पुनईचे केस पिकले. देव काही बोलला नाही, पण पहाटे फळ्यांवर बसल्यावर आपण एकट्या बसलो आहोत असं आता तिला वाटत नसे.

मग एका शरदात, धुक्यातच, अंगणातून आवाज आला. "कुणी आहे का घरात?"

तिने कडी लावली.

 मग कुणीतरी खोकलं. "थोडं पाणी मिळेल का? धक्क्यापासून चालत आलोय, दम लागलाय."

तिचा हात कडीवरच थबकला. इतक्या वर्षांत त्या आवाजाने तिला नेहमी बोलावलंच होतं. पाणी कधी मागितलं नव्हतं. तिने दार उघडलं.

दात पडलेला, वाकलेला म्हातारा उभा होता. उत्तरेकडच्या कैदेतून इतक्या वर्षांनी सुटलेल्या त्याला घरापर्यंत पोचवायला आलेला पोलीस मागे फाटकाशी टेकला होता. तिने भाताच्या खरपुडीवर उकळलेलं गरम पाणी वाटीत दिलं, ते मानसूने वाटी दोन्ही हातांनी धरून प्यायलं.

"आई?"

"गेली. शेवटपर्यंत तुमची वाट बघत होती."

तो वाटीत तोंड घालून रडला. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. हाडं लागत होती, पण अंग ऊबदार होतं.

तो आल्यानंतर पहिल्यांदा पुन्हा धुकं पडलं त्या दिवशी जेवता जेवता त्याने तिचं मनगट घट्ट धरलं. "अगं, बाहेर कुणीतरी माझ्या आवाजात बोलतंय."

"हो," पुनई म्हणाली. "बोलू दे. तुम्ही जेवा."